नुसता डेनिअर बघून बॅग घेऊ नका

साताऱ्यात वापरायला लॅपटॉपची पाठीवरची बॅग कोणती घ्यावी, या प्रश्नाच्या एका उत्तरात म्हटलंय की १६८० डेनिअरचं कापड असलं की बॅग टिकतेच. कापडापुरतं ते खरं आहे. पण डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, शिलाईबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. आणि बॅग कापडात क्वचितच फाटते, उसवते ती पट्टा वर जिथे जोडलेला असतो तिथे. दुकानात पट्टा जोरात ओढून बघा. सुईची भोकं रुंदावताना दिसली तर ती बॅग सोडा. तिथे चौकोन आणि आत फुलीची शिवण हवी, पट्ट्याचं टोक आतल्या शिवणीत गेलेलं हवं. मग लॅपटॉपच्या कप्प्यात हात घाला. बोटं थेट बॅगेच्या तळाला टेकली तर एसटीत बॅग खाली ठेवताना प्रत्येक वेळी दणका लॅपटॉपच्या कोपऱ्यालाच बसणार. कप्पा तळापासून दोन बोटं वर लटकलेला पाहिजे.

त्याच उत्तरात दिसायला छान म्हणून रेक्झिन सुचवलंय, ते साताऱ्याच्या पावसाळ्यात तरी नको. बऱ्याच रेक्झिनवर असतो तो पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर दमटपणाने आपोआप विघटित होतो, कपाटात नुसती ठेवलेली बॅगसुद्धा पापुद्रे सोडते. ऐटदारच हवी तर जाड कॅनव्हास घ्या. रेनकव्हरवरही पूर्ण भिस्त नको: ते पाठीकडची बाजू झाकत नाही, दुचाकीवर पाठीवरून ओघळलेलं पाणी तिकडूनच झिरपतं आणि लॅपटॉपचा कप्पा नेमका तिथेच असतो. आत वेगळं जलरोधक कव्हर घालाच.