ग्रेगर साम्सा किडा झाल्यावर निरुपयोगी ठरला, की आधीपासूनच होता?

दुपारची लोकल:
लेखक फ्रान्झ काफ्काच्या 'मेटामॉर्फसिस' या दीर्घकथेला (१९१५) जो तो अ‍ॅब्सर्ड, म्हणजे कुठल्याच तर्कात न बसणारी, म्हणतो. मला त्यात अ‍ॅब्सर्ड वाक्य एकच दिसतं, पहिलं. फिरतीचा विक्रेता ग्रेगर सकाळी उठतो तो किडा होऊन. पुढे सगळा व्यवहार. पाचची गाडी चुकली, साडेसहा वाजून गेले आणि पाठीला कवच आलेला हा माणूस सातच्या गाडीचा हिशेब करतोय! पाच वर्षांत एकदाही आजारी पडलेला नाही. पगार थांबला की घरात किंमत शून्य, एवढीच गोष्ट आहे. बापाने फेकून मारलेलं सफरचंद पाठीत रुतून बसतं, ते काढायला कुणी पुढे होत नाही.

शेवग्याची शेंग:
साफ अमान्य. एवढंच असतं तर काफ्काने कारण दिलं असतं. तो देत नाहीच, पण घरातलंही कुणी 'हे झालं कसं?' म्हणून डोकं खाजवत नाही. बहीण दूध-पाव ठेवते, कामवाली शेणकिडा म्हणून हाक मारते, संसार चालू. अ‍ॅब्सर्ड ते हे. मुखपृष्ठावर किडा लांबूनसुद्धा दाखवू नका, असं काफ्काने प्रकाशकाला कळवलं होतं. तुम्ही तर त्याला थेट बेकारीचं पोस्टर करून टाकलंत.

एक वाचक:
दोघंही चादर विसरलात. बहिणीला आपण दिसू नये म्हणून ग्रेगर चादर पाठीवरून ओढत कोचापर्यंत नेतो. चार तास लागतात त्याला. कुणी सांगितलेलं नसतं.
नोकरी गेल्यावर मी सात महिने घरी होतो. एकानेही टोमणा मारला नाही. तरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून, मीटिंग चालू असल्यासारखा. स्क्रीनवर पत्त्यांचा डाव. त्यामुळे घरच्यांनी किंमत शून्य केली, हे काही मला पटत नाही.

दुपारची लोकल:
चादरीचं मान्य, ते माझ्या नजरेतून सुटलंच होतं. पण तुमचे घरचे चांगले निघाले म्हणून साम्सांना सोडू नका. पोरगा मेला त्याच दिवशी तिघं ट्रॅमने फिरायला जातात, आपापल्या नोकऱ्या कशा बऱ्या आहेत ते बोलतात आणि मुलीकडे बघून आईबापांच्या मनात येतं, हिच्यासाठी आता स्थळ बघायला हवं. हा हिशेब नाही तर काय?

शेवग्याची शेंग:
बाहेर छान ऊन पडलेलं असतं हो. तेवढं सांगायचं राहिलं तुमचं.