मुंबईहून नाशिकची वाइनरी आणि आसपासचा इतिहास, एका दिवसात

ठाणेपूर्व: जानेवारीअखेर आम्ही चौघे ठाण्याहून गाडीने नाशिकला जाणार आहोत. गंगापूर धरणाकडची एखादी वाइनरी बघायची आहे. नुसती चव घेऊन परतायचं नाही. वाइन कशी होते ते नीट समजून घ्यायचंय आणि त्या भागाचा जुना इतिहासही. बरोबर वयस्कर काका आहेत. क्रम कसा लावावा?

गोदातीर: आधी पांडवलेणी, मग वाइनरी. लेणी मुंबईहून जाताना शहराच्या अलीकडे, महामार्गाला लागूनच आहेत. सुमारे दोनशे पायऱ्या आहेत, त्यामुळे काकांना ऊन चढायच्या आत वर न्या.

लेणी २४ आहेत, पण वेळ द्या तो दहाव्या आणि तिसऱ्या लेण्याला, याच क्रमाने. दहाव्याच्या ओसरीत क्षत्रप नहपान या शासकाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, कायमचे ठेवले. २००० दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. २००० चं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो! तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख सांगतो की तिच्या मुलाने, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, याच नहपानाचं क्षहरात घराणं संपवलं.

आता वाइनरीकडे वळा. लेखातलं गोवर्धन म्हणजे गंगापूरशेजारचं गोवर्धन, आणि सुला या वाइनरीचा पत्ता आजही त्याच गावाचा आहे. म्हणून लेख आधी वाचावा असं माझं ठाम मत आहे.

बॅटरी न्या. उजेड समोरून टाकलात तर अक्षरं सपाट दिसतात. भिंतीला लागून तिरपा टाका, म्हणजे खोदकामात सावली पडते.

खरडछाटणी: जानेवारी ते मार्च हा वाइनच्या द्राक्षांच्या काढणीचा काळ, तेव्हा वेळ छान निवडलीत. एप्रिलात खरड छाटणी (नवी फूट येण्यासाठी), पावसाळा सरताना गोड्या बहाराची छाटणी (फळासाठी), म्हणून माल थंडीत तयार होतो. रात्री गार असल्या की आम्लता टिकते. ऊन वाढलं की ती झपाट्याने उतरते आणि वाइन बेचव लागते.

टूरवर तीन गोष्टी विचारा. पहिली, काढणीच्या वेळचं ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण. ते साधारण २२ ते २४ असतं. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल होतं. दुसरी, टाकीचं तापमान. पांढरी १५ अंशांच्या आसपास आंबवतात, नाहीतर फळाचा वास उडून जातो. लाल २५ च्या पुढे, कारण रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) सालीतून काढायचं असतं. तिसरी, लालच्या टाकीत सालांचा थर वर तरंगतो, तो किती वेळा खाली दाबतात. कोरडा राहिला तर व्हिनेगरचा वास धरतो.

वेलीवरचे मणी बारीक, जाड सालीचे आणि बियांचे दिसतील. खायच्या द्राक्षांशी तुलना करून निराश होऊ नका, लाल वाइनला ती जाड सालच लागते.

कसाराघाट: चव घेताना पांढरी, रोझे, लाल, शेवटी गोड. नाशिकची मिसळ त्यानंतरच खा. तिखटाने जीभ चुरचुरत असेल तर लाल वाइन नुसती तुरट लागते. अत्तर लावू नका, वास कळत नाही.

वाइनसाठी महाराष्ट्रात वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र ठेवा. गाडी चालवणाऱ्याने घोटही घेऊ नये. रक्ताच्या १०० मिलीत ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि परतीला अंधारात कसारा घाट उतरायचा आहे. सगळ्यांनाच चव घ्यायची असेल तर तपोवन एक्स्प्रेसने जा, ठाण्यात थांबते. मात्र मग नाशिकरोडपासून दिवसभराची टॅक्सी ठरवा, लेणी आणि गंगापूर वेगवेगळ्या टोकांना आहेत.

बाटल्या अगदी शेवटी घ्या. बंद गाडीत उन्हात राहिल्या तर वाइन फुगून बूच वर सरकतं, मग हवा शिरते आणि ती बिघडते.