लढाईतला बाउझर निळा होता की तपकिरी?

धावपट्टी : ‘करडा निळा’ यांनी काल ठामपणे लिहिले की, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची जमिनीवरची सर्व वाहने अखेरपर्यंत निळसर करडीच होती आणि बाउझरची, म्हणजे विमानांत इंधन भरणाऱ्या टँकरची, प्रतिकृती तपकिरी रंगवणारे लोक हवाई दल व भूदल यांची गल्लत करतात. हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही. निळसर करडा हा शांतताकाळाचा रंग होता. युद्ध सुरू झाल्यावर कॅमोफ्लाज आले, आणि त्यासाठी भूदलाने ठरवलेलेच रंग हवाई दलाच्या गाड्यांवरही चढले : आधी खाकी हिरवा, 1942 पासून एससीसी 2 (एससीसी म्हणजे प्रमाणित कॅमोफ्लाज रंग) हा तपकिरी, कारण हिरव्यासाठी लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडचा तुटवडा होता, आणि एप्रिल 1944 पासून एससीसी 15, म्हणजे ऑलिव्ह ड्रॅब हा मळकट हिरवा. प्रतिकृतींच्या एका प्रदर्शनात माझ्या तपकिरी बाउझरचे गुण ‘रंग चुकीचा’ असे सांगून कापले गेले होते. सहा महिन्यांची मेहनत अशा गैरसमजापायी वाया जाते, म्हणून मी बोलतो आहे.

करडा निळा : आपले गुण कापले गेले याचे मलाही वाईट वाटते, पण आदेश निघाला म्हणजे रंग बदलला, असे होत नाही. लँकॅस्टर या बॉम्बफेकी विमानाच्या टाक्यांत 2154 ब्रिटिश गॅलन इंधन मावत असे आणि एईसी कंपनीच्या मोठ्या बाउझरमध्ये 2500. टाक्या काठोकाठ भरायच्या असतील तर एका विमानामागे जवळजवळ एक बाउझर रिकामा होणार. रोज संध्याकाळी उड्डाणाआधी हे काम उरकणाऱ्या तळावर गाडी बाजूला काढून तिला रंग देण्याची सवड कोणाला होती? शिवाय 1944 च्या आदेशातच असे होते की, केवळ नवा रंग आला म्हणून जुन्या गाड्या पुन्हा रंगवू नयेत. माझ्याकडच्या छायाचित्रात बाउझर स्पष्टपणे फिकट दिसतो. तपकिरी रंग इतका फिकट दिसेलच कसा?

डबा कॅमेरा : ‘फिकट दिसतो’ हा पुरावा नव्हे. त्या काळी दोन प्रकारच्या फिल्म चालत. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नाही आणि निळा फार उजळ दिसतो; पँक्रोमॅटिक फिल्मवर निळसर करडा आणि तपकिरी यांत फारसा फरक उरत नाही. तेव्हा आधी फिल्म ओळखावी. त्याच चित्रात विमानाचे वर्तुळचिन्ह असेल तर त्याची पिवळी कडा पाहावी. ती काळपट असेल तर फिल्म बहुधा ऑर्थो आहे.

करडा निळा : कडा काळपटच आहे. म्हणजे फिल्म ऑर्थो ठरली, आणि निळा बाउझर उजळ दिसणे हे माझ्याच बाजूचे झाले.

डबा कॅमेरा : थांबा. बाउझरशेजारी माणसे उभी असतील तर त्यांचा गणवेश हवाई दलाचा, म्हणजे निळसर करडाच आहे. त्याच फिल्मवर, त्याच उन्हात गाडी आणि गणवेश यांची छटा जवळपास सारखी यायला हवी. तशी ती येते का?

करडा निळा : गाडी थोडी गडद आहे. पण गणवेश लोकरीचा आणि गाडी तेलाने माखलेली असते. छटा तंतोतंत जुळणार नाही.

धावपट्टी : म्हणजे फिकट दिसली तर निळी, गडद दिसली तर तेलाने माखलेली निळी! अशाने वाद कधीच संपणार नाही. आपण चित्राकडे पाहून निष्कर्ष काढत नसून निष्कर्ष धरून चित्राकडे पाहत आहात.

करडा निळा : हा आरोप व्यक्तिगत आहे. मी वीस वर्षे ही चित्रे जमवतो आहे.

सांताक्रूझकर : आपण दोघेही फक्त इंग्लंडच्याच तळांबद्दल बोलता, याची मला नेहमीच खंत वाटते. हवाई दल आमच्याकडेही होते. युद्धकाळात सांताक्रूझचा तळ त्यांच्याच ताब्यात होता आणि माझे आजोबा तेथे बाउझरवर मदतनीस होते. ते सांगत की, गाडी गर्द हिरवी होती आणि दुपारी टाकीला हात लावला की चटका बसे. निळी गाडी त्यांनी पाहिलीच नव्हती. आग्नेय आशियात 1943 पासून जंगल हिरवा रंग आला आणि उत्तर आफ्रिकेत तर गाड्या वाळूच्या रंगाच्या होत्या. ‘सर्व वाहने’ म्हणताना ही सगळी वाहने कोठे गेली?

करडा निळा : आजोबांच्या आठवणीचा मान राखून सांगतो की, चाळीस वर्षांनी सांगितलेला रंग पुरावा होत नाही.

सांताक्रूझकर : ज्या टाकीचा चटका त्यांच्या हाताला बसला, तिचा रंग त्यांना आठवत नव्हता, असे आपण मला सांगू नये.

सायकलस्वार : रंगावर इतके शब्द खर्च झाले, पण गाड्या चालवणाऱ्यांवर एकही नाही. बॉम्बफेकी विमाने धावपट्टीपासून दूर, पन्नास फूट रुंद परिघमार्गाच्या कडेला विखरून उभी असत. तेथवर वैमानिकांना पोचवणाऱ्या गाड्या बहुतेक ठिकाणी महिला दलाच्या मुलीच चालवत, त्याही अंधारात, झाकलेल्या दिव्यांच्या फटीतून पडणाऱ्या उजेडात. पहाटे त्याच मुली परत न्यायला जात, आणि कधी बसायला कोणी नसे. आपल्या प्रतिकृतींत चालकाची जागा नेहमी रिकामी का असते?

धावपट्टी : हे मला लागले आणि ते खरे आहे.

करडा निळा : ‘सर्व’ आणि ‘अखेरपर्यंत’ हे दोन शब्द मी मागे घेतो. परदेशातल्या तळांबद्दल मी चुकलो. पण अधिकाऱ्यांच्या मोटारी आणि मागच्या तळांवरची जुनी वाहने निळी राहिली असणार, हे मी सोडणार नाही.

धावपट्टी : ते मी नाकारलेच नव्हते. माझा बाउझर 1943 सालच्या लँकॅस्टर तळावरचा आहे, म्हणून तो तपकिरीच राहील. अंधारात गाडी दिसावी म्हणून असलेल्या मडगार्डच्या कडा मात्र पांढऱ्या करायच्या राहिल्या आहेत, आणि आता चालकाच्या जागेवर एक मुलगी बसवायची आहे. तिचा गणवेश कोणत्या निळ्याने रंगवू, ते ‘करडा निळा’ यांनीच सांगावे.