नेरूळ सोसायटी ग्रुप: ‘एसएसडी गेली’ म्हणे!

*ए-११०२:* लॅपटॉपमधलं कोणाला कळतं का? लेकाचा सुरूच होईना म्हणून पेनड्राइव्हवरून विंडोज ११ टाकायला घेतलं. डिस्क निवडायच्या पानावर यादी कोरी! वाशीच्या दुकानदाराला फोन केला तर म्हणतो एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, गेली, नवीन घ्या 😟 परवा त्याचं सबमिशन आहे.

*सी-३०४:* पेनड्राइव्ह डुप्लिकेट असणार. स्टेशनबाहेरचा का?

*बी-७०१:* काका, पेनड्राइव्ह खराब असता तर ताई त्या पानापर्यंत पोचल्याच नसत्या बहुतेक. ताई, प्रोसेसर कुठला?

*ए-११०२:* आय ५, ११वी जनरेशन. एचपी.

*बी-७०१:* वाटलंच. सुरू करताना एफ१० दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जा. तिथे एसएसडीचं नाव दिसतं का?

*ए-११०२:* दिसतंय! ५१२ जीबी.

*बी-७०१:* मग दुकानदाराला म्हणावं राहू दे. इंटेलच्या ११व्या जनरेशनपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी, म्हणजे एसएसडी सांभाळणारा इंटेलचा कंट्रोलर, चालू असतं. एसएसडी त्या कंट्रोलरच्या मागे असते आणि त्याचा ड्रायव्हर (तो ओळखणारा प्रोग्राम) विंडोजच्या सेटअपकडे नसतो, म्हणून यादी कोरी. दुसऱ्या लॅपटॉपवरून एचपीच्या साइटवर जा, तुमच्या मॉडेलचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर उतरवा. नुसती ईएक्सई ठेवून चालत नाही. ती एक्स्ट्रॅक्ट करून आयएनएफ फाइल असलेला अख्खा फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर टाका. मग त्या कोऱ्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवा.

*डी-२०२:* एवढं कशाला? बायोसमध्ये व्हीएमडीच बंद करा.

*बी-७०१:* पर्याय असेल तर होतं तसंही. पण जुनं विंडोज व्हीएमडी चालू असताना बसवलेलं. बंद केलं की ते निळा स्क्रीन दाखवेल, आणि मग नक्की कशामुळे बिघडलं तेच कळणार नाही.

*डी-२०२:* नाहीतर सेटअपमध्येच शिफ्ट एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडा, ‘डिस्कपार्ट’, मग ‘क्लीन’, डिस्क कोरी. मला एमबीआरची एरर आली तेव्हा तेच केलं होतं.

*बी-७०१:* दादा, ते दुखणं वेगळं. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची आणि पेनड्राइव्ह नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू केलेला, म्हणून ती एरर. आणि ‘क्लीन’ काही विचारत नाही, सी, डी सगळं साफ. शिवाय ताईंना आत्ता डिस्कपार्टमध्ये फक्त पेनड्राइव्ह दिसेल. म्हणजे पुसला जाणार तोच 😄

*सेक्रेटरी:* उद्या टाकी धुणार. सकाळी ९ ते १२ पाणी नाही.

*सी-३०४:* माझ्या डेस्कटॉपचं काय रे? ७वी जनरेशन. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला ना?

*बी-७०१:* हो काका. विंडोज ११ च्या यादीत ७व्या जनरेशनचे अगदी मोजकेच आहेत, तुमचा नसणार. तुमचं सगळं ब्राउझरमध्येच चालतं, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकू.

*ए-११०२:* आली!! फोल्डर दाखवला आणि डिस्क आली. चार भाग दिसतायत. सगळे डिलीट करून नेक्स्ट ना?

*बी-७०१:* थांबा!! सबमिशनच्या फाइली कुठे आहेत?

*ए-११०२:* डेस्कटॉपवर म्हणतोय 😳

*बी-७०१:* म्हणजे सी मध्येच. कशालाही हात लावू नका, लॅपटॉप बंद करा. काकांसाठीचा मिंटचा पेनड्राइव्ह तयार आहे, तो न बसवताही चालतो. त्यावरून फाइली काढू, विंडोज मग. जेवून येतो. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर ४८ आकडी की लागेल, बहुधा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. पासवर्ड आठवून ठेवायला सांगा त्याला.

*ए-११०२:* विचारते. “कुठलं खातं?” म्हणतोय 🤦‍♀️