सेंट्रल पार्कचे दिवस: विगनचा सुवर्णकाळ कोणी पाहिलाय का? (अनुभव धागा)

चेरी_पांढरी

परवा बाबांशी फोनवर बोलताना विगनचा विषय निघाला आणि मग तासभर फोन काही ठेवलाच नाही आम्ही, म्हणून म्हटलं इथे विचारून बघू.

ऐंशीच्या दशकात बाबा उत्तर इंग्लंडमधल्या विगनला डॉक्टर होते. गाव पूर्वीचं कोळशाच्या खाणींचं आणि कापडगिरण्यांचं, सतत रिमझिम, आणि अख्खं गाव रग्बी लीगचं वेडं. फुटबॉल तिथे धाकटी पाती, क्रिकेटचं तर नावच नको. ही रग्बी तेरा जणांची हं, रग्बी युनियन हा वेगळा खेळ. खाणीत-गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंची मॅचपायी मजुरी बुडायची, ती भरून द्यायला युनियनची वरची मंडळी तयार नव्हती, म्हणून १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले, त्यात विगन होतं. बाबा लालबागचे, गिरणी कामगाराचा मुलगा, कॉलेजपर्यंत कबड्डी खेळलेले. त्यांना ही गोष्ट कोणीतरी सांगितली आणि दुसऱ्याच रविवारी आम्ही विगनच्या मैदानात, सेंट्रल पार्कच्या कॉपवर (उभं राहून मॅच बघायचा उतार) उभे.

आईनं मला मफलर विणला होता. क्लबचे रंग चेरी आणि पांढरा, पण बाजारात चेरी लोकर काही मिळेना तेव्हा तिनं सरळ कुंकवाच्या रंगाची आणली आणि म्हणाली लांबून सारखंच दिसतं. नाही दिसायचं! शाळेत पोरं विचारायची हा कुठला क्लब म्हणून.

बाबांना नियम कळायच्या आधी खेळ कळला. सहा टॅकल होईपर्यंत बॉल तुमचा, पाडलं की उठायचं, टाचेनं बॉल मागे सारायचा, परत धडक. बाबा म्हणाले ही तर पकडच आहे, फक्त दम घोकायचा नाही. मग ते कॉपवरून मराठीत ओरडायचे, "अरे पाय धर, पाय!" आमच्या शेजारी एक रिटायर्ड खाणकामगार आजोबा नेहमी उभे असायचे. ते सांगायचे की तुम्ही बरोबर वेळेला आलात, १९८०मध्ये आमची टीम खालच्या डिव्हिजनला गेली होती, तेव्हा इथे कुत्रं फिरकत नव्हतं. दोन सीझननंतर हे आजोबा पण टॅकल झाला की "पाकड! पाकड!" करायला लागले. का ओरडतोय ते त्यांनाही नीट माहीत नसावं.

माझी सगळ्यात लख्ख आठवण ७ ऑक्टोबर १९८७ची, बुधवार रात्र. वर्ल्ड क्लब चॅलेंजसाठी, म्हणजे दोन देशांच्या चॅम्पियन क्लबांच्या मॅचसाठी, ऑस्ट्रेलियाचे चॅम्पियन मॅनली आले होते. अधिकृत गर्दी ३६,८९५, पण त्या रात्री मी तिथे होतो म्हणणारे लाखभर तरी भेटतील. मी बाबांच्या खांद्यावर. एकही ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं) झाला नाही, मारामारी मात्र भरपूर झाली, मॅनलीच्या एकाला बाहेर काढलं आणि आपण फक्त पेनल्टींवर ८-२ जिंकलो. ट्राय नसलेली मॅच इतकी भारी असू शकते हे आजही कोणाला पटवता येत नाही मला.

ट्रॉफ्यांची यादी नकोय. तुम्ही कुठे उभे होतात ते सांगा. विरोधी टीमवाल्यांनी पण लिहा.

सेंट हेलन्सची सून

विरोधी म्हणालीस म्हणून आले. लग्न होऊन १९९०ला सेंट हेलन्सला आले, नवरा तिथेच वाढलेला, त्यामुळे विगनचा द्वेष मला सासरकडून हुंड्यात मिळाला (घेतला नव्हता, दिला गेला). विगनवाल्यांना आमच्याकडे "पायखाऊ" म्हणतात (पाय म्हणजे इंग्रजी pie, सारण भरलेला तो). १९२६च्या संपात त्यांचे खाणकामगार आधी कामावर परतले, म्हणजे अपमानाचा पाय गिळला, असं काहीतरी. पण विगनवाल्यांना त्याची लाजच नाही, ते पावात अख्खा मीट पाय कोंबून खातात आणि वर अभिमानानं सांगतात. सासरे म्हणायचे ज्यांना शिवी पण गोड लागते त्यांना हरवणार कसं.

१९९३चा गुड फ्रायडे मी विसरणार नाही. लीग आमच्या हातात आलेली, सेंट्रल पार्कवर मॅच, ८-८ बरोबरी. शेवटी पॉइंट सारखे झाले आणि पॉइंट्सच्या फरकावर लीग परत यांनाच! सासऱ्यांनी त्या रात्री जेवण केलं नाही. मी साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली तर म्हणाले आज उपास आहे का, म्हटलं तुमचा आहे ना, खा.

कोण_रे_तो

रग्बी म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तेच ना?

चेरी_पांढरी

@कोण_रे_तो नाही हो, ते अमेरिकेतलं. इथे डोक्यावर फक्त पाऊस.

इचलकरंजीचा धागा

मी १९९३ला टेक्स्टाइल शिकायला लीड्सला गेलो. घरी यंत्रमाग, त्यामुळे नेम तोच. हॉस्टेलवरची पोरं लीड्सची कट्टर, आणि त्यांच्या मनात मार्टिन ओफाया नावाची भीती भरलेली. मे १९९२मध्ये या बाबानं एका मॅचमध्ये लीड्सविरुद्ध दहा ट्राय मारले होते, दहा! स्कोर ७४-६. विगननं त्याला त्याच वर्षी जानेवारीत विडनेस क्लबकडून ४,४०,००० पाउंडाला घेतलेलं.

तर १९९४ची चॅलेंज कप (लीगहून वेगळी, नॉकआउट स्पर्धा) फायनल, वेम्ब्ली, लीड्सविरुद्ध विगन. पोरांनी बसमध्ये एक सीट मोकळी आहे म्हणून मला नेलं. निळा-पिवळा स्कार्फ गळ्यात बांधला, मी आपला बांधून घेतला. आम्ही लीड्सच्या घोळक्यात, आणि ओफायाला बॉल मिळाला तो त्याच्या स्वतःच्या गोल-लाइनीजवळ, म्हणजे तिथून काय होणार, आमची माणसं निवांत होती. तो दोघांच्या मधून निसटला आणि मग सरळ पळत सुटला, आमचा फुलबॅक अॅलन टेट तिरका येतोय, सगळे ओरडतायत की आता पकडणार आता पकडणार, आणि त्यानं बाहेरून वळसा घेतला अन् बॉल घेऊन कोपऱ्यात जाऊन पडला, ट्राय! उठला आणि गुडघ्यावर बसून चेहरा हातात झाकला. माझ्या आजूबाजूला इतकी शांतता झाली आणि त्या शांततेत मी एकटा टाळ्या वाजवत होतो, गळ्यात लीड्सचा स्कार्फ. काय करणार, हात थांबेचनात. २६-१६ हरलो. परतीच्या बसमध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही, एकानं मात्र वेकफील्डच्या पुढे आल्यावर चिप्सचं पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, मी पण वाजवणार होतो.

आता वेम्ब्लीच्या बाहेर रग्बी लीगच्या पाच जणांचा पुतळा आहे, त्यात ओफाया आहे आणि विगनचा जुना खेळाडू बिली बॉस्टनही. बायकोला दाखवला तर म्हणाली, हा तुमचाच का? म्हटलं नाही, समोरच्यांचा.

ब्रिस्बेनवाला

वरच्यांच्या गोष्टीचा पुढचा भाग माझ्याकडे. कप जिंकल्यावर लगेच विगननं कोचला काढलं! जिंकून आणलेला कोच! ग्रेअम वेस्टना ऐनवेळी हाताशी धरलं आणि टीम इकडे आली, १ जून १९९४, वर्ल्ड क्लब चॅलेंज, इथल्या ब्रिस्बेन ब्रॉन्कोजविरुद्ध. मी इथे पीएचडी करत होतो. ब्रॉन्कोज आधीची दोन वर्षं ऑस्ट्रेलियाचे चॅम्पियन, आणि १९९२ला यांना यांच्याच घरात हरवून आलेले, त्यामुळे स्टेडियमात चोपन्न हजार लोक आले होते ते फक्त किती फरकानं ते बघायला. विगन २०-१४ जिंकलं. ऑस्ट्रेलियात येऊन ही मॅच जिंकणारा पहिला ब्रिटिश क्लब. माझ्या गाइडनं दुसऱ्या दिवशी माझा चॅप्टर न वाचताच परत दिला. मी तर काहीच केलं नव्हतं, पण इंग्लंडच्या बाजूनं बोलायला डिपार्टमेंटमध्ये दुसरं कोणी सापडलं नसावं.

मैदानी

सगळं छान, पण एक कडू बोलतो. आठ वर्षं सलग चॅलेंज कप (१९८८ ते ९५), सात वर्षं सलग लीग, हे बघायला मजा कोणाला येते? मुंबईनं १९५८-५९पासून सलग पंधरा रणजी जिंकल्या तेव्हा बाकीच्या राज्यांत लोकांनी पेपरचं ते पान उघडणं सोडलं असेल. शिवाय विगनकडे पैसा होता, त्यांचे खेळाडू पूर्णवेळ, समोरचे दिवसभर नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिसला येणारे. ज्या भरपाईसाठी १८९५ला भांडून बाहेर पडले, त्याच पैशानं शेवटी बाकीच्यांना चिरडलं की.

चेरी_पांढरी

@मैदानी बरोबर आहे तुमचं, बाबापण हेच म्हणतात. पण तुम्ही शॉन एडवर्ड्सला बघितलं असतं तर असं कोरडं नसतं बोलला. गावचाच पोरगा. १९९०च्या कप फायनलला सुरुवातीलाच गालाचं हाड मोडलं, डोळा सुजून बंद झाला, तरी शेवटपर्यंत खेळला. कपमधल्या सलग त्रेचाळीस मॅचेस टीम हरली नाही आणि त्या त्रेचाळीसच्या त्रेचाळीस हा खेळला. हे पैशानं होत नाही हो.

आणि कपमधली ही माळ तुटली कशी ते ऐका. ११ फेब्रुवारी १९९६, सॅल्फर्डकडे, खालच्या डिव्हिजनची टीम. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत. संध्याकाळी हॉस्टेलच्या कॉमन फोनवर बाबा. "हरलो," म्हणाले, "२६-१६." मग बराच वेळ काहीच नाही, मीटर चालू. मग म्हणाले, "अँडी ग्रेगरीनं हरवलं." ग्रेगरी म्हणजे आमचाच जुना हाफबॅक, एवढासा, कॉपचा लाडका, तो सॅल्फर्डचा कोच झाला होता. बाबांच्या आवाजात दुःख होतं की कौतुक हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच मे महिन्यात युनियनच्या बाथ क्लबशी दोन मॅचेस झाल्या. आमच्या नियमांनी ८२-६ जिंकलो, त्यांच्या नियमांनी ४४-१९ हरलो. शंभर वर्षांच्या भांडणाचा निकाल असा लागला, म्हणजे लागलाच नाही.

आयटी_हमाल

मी उशिरा आलो, २००६, ऑनसाइट. विगनला घर स्वस्त म्हणून राहिलो. रग्बीचा र माहीत नव्हता. दर शनिवारी टेस्कोत दूध, ब्रेड, कांदे. एकदा ट्रॉली घेऊन चीजसमोर उभा होतो तर एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन थांबले, चीज बघतच नव्हते, वर छताकडे बघत होते. मी विचारलं काही हवंय का, तर म्हणाले, "इथेच कुठेतरी मी उभा असायचो." तेव्हा कळलं की टेस्को सेंट्रल पार्कच्या जागेवर आहे. १९९९च्या सप्टेंबरात शेवटची मॅच झाली, सेंट हेलन्सविरुद्ध, आपण जिंकलो, आणि समोरचा कोच कोण तर एलरी हॅन्ली, विगनचा जुना कॅप्टन! हे सगळं त्यांनी चीजसमोर उभं राहून सांगितलं, माझं आइस्क्रीम वितळलं. पुढच्या रविवारी मी नव्या स्टेडियमवर गेलो. २०२४ला चारही ट्रॉफ्या आल्या तेव्हा आधी ते गृहस्थ आठवले, नाव विचारायचं राहिलं होतं.

सेंट हेलन्सची सून

@चेरी_पांढरी ते सगळं असू दे, मफलरचं काय झालं?

चेरी_पांढरी

आहे! बाबा आता नाशिकला असतात. एका टोकाला कसर लागलीये, तिथे आईनं हिरव्या लोकरीनं रफू केलंय कारण घरात तीच होती. थंडीत सकाळी फिरायला जाताना बाबा तोच गुंडाळतात. गेल्या डिसेंबरात वॉचमननं विचारलं, काका, हा कोणत्या पक्षाचा?