मदत हवी आहे: कमी वयात बीपी, किडनीच्या जीनची तपासणी कुठे होते?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरकडचे. धाकटा भाऊ 24 वर्षांचा, बीपी 170/110, वर रक्तात पोटॅशियम कमी. आप्पांना आणि आत्तीलाही तिशीच्या आतच बीपी लागलं होतं. घरी सगळा दोष लोणच्यावर! मीठ कमी केलं, गोळ्या वाढवल्या, तरी उतरत नाही.

बेळगावच्या डॉक्टरांनी रेनिन आणि अल्डोस्टेरॉन (अंगातलं मीठ-पाणी आणि बीपी सांभाळणारे हार्मोन) बघितलं, दोन्ही कमी. त्यांना लिडल सिंड्रोमची शंका आहे. यात किडनीतल्या सोडियम आत ओढणाऱ्या चॅनेलच्या जीनमध्ये बिघाड असतो. चॅनेल उघडेच राहतात, मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीतून जातं. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता. स्पायरोनोलॅक्टोन या गोळीचा (ती अल्डोस्टेरॉनला अडवते) यात उपयोग होत नाही, थेट ते चॅनेल बंद करणाऱ्या अमिलोराइडचा होतो.

एससीएनएन1बी, एससीएनएन1जी या त्याच चॅनेलच्या जीनची तपासणी कुणी करून घेतलीय का? रक्त बेळगावातच देता येतं की बेंगळूर-पुणे गाठावं लागतं? खर्च साधारण किती? माझं बीपी सध्या नॉर्मल आहे, तरी मीही करून घ्यावी का? लसणाचे उपाय कृपया नकोत, ते सांगायला अख्खी गल्ली आहे.