भागांची जीप ‘बेचाळीसची विलीज’ म्हणून विकणं ही फसवणूकच आहे

माझगावकर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी दारूखान्याजवळच्या एका गोदामात जीप बघायला गेलो होतो. विकणाऱ्याने फोनवर सांगितलेलं, “१९४२ची विलीज, मिलिटरी, ओरिजिनल.” जाऊन बघतो तर हिरवा रंग, बोनेटवर पांढरा तारा, मागे जेरीकॅन, बाजूला फावडं आणि कुऱ्हाड. डॅशबोर्डवर गाडीची माहिती देणाऱ्या तिन्ही पाट्या चकचकीत, डिलिव्हरीच्या तारखेसकट. किंमत साडेनऊ लाख.

बोनेट उघडलं आणि उत्साह तिथेच ओसरला. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीज एमबी जीपचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं. सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे हेड सपाट, एखाद्या जाड पाटासारखं. इथे हेडवर टॅपेट कव्हर दिसत होतं, म्हणजे नंतरचं एफ-हेड इंजिन, ज्यात काही व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात. ते उंच असतं. विलीजच्या नंतरच्या नागरी जीपचं, सीजे-३बीचं, बोनेट उंच केलं गेलं ते याच इंजिनासाठी. या गाडीत बोनेटच्या आतल्या पट्ट्या कापून त्याला जागा केली होती. मग गोणपाट टाकून खाली झोपलो. एमबीच्या चेसिस नंबराची पाटी डाव्या दांडीला आतून, पुढच्या बंपरमागे रिव्हेट केलेली असते. इथे पाटी नाहीच, रिव्हेटची भोकंसुद्धा नाहीत. दांडीवर एक नंबर ताजा पंच केलेला, आकडे वाकडेतिकडे आणि भोवतालचं लोखंड ग्राइंडरने घासलेलं. मागच्या चाकावरच्या पत्र्याला खिशातलं चुंबक लावलं, ते घसरून पडलं. आत नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली.

आरसी बुक मागितलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं : मेक महिंद्रा, साल १९६८. मी दाखवल्यावर तो शांतपणे म्हणाला, “पाटी बघा ना साहेब, पाटीवर बेचाळीस आहे.” त्या पाट्या नव्या छापून मिळतात, हे या नादातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मला राग आहे तो या खोटेपणाचा. अडुसष्ट सालची महिंद्रा ही काय हलकी गाडी आहे? १९४५ साली सुरू झालेल्या कंपनीने त्याच दशकात विलीजचे सुटे भाग आणून आपल्या माझगावात जीप जोडायला घेतली. ती तर आपल्या शहराची गाडी. तिला अमेरिकन सैनिकाचा वेश चढवून विकायचं कशाला?

माझं म्हणणं एवढंच : जुनी फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी) गाडी विकताना चेसिस कुठल्या गाडीची, इंजिन कुठलं, बॉडी कधीची आणि आरसीवर काय आहे, हे विकणाऱ्याने सही करून लिहून द्यावं. तो देत नसेल तर आपण गाडी घेऊ नये.

कुर्ल्याचा मिस्त्री

दादा, पंच केलेल्या नंबराबद्दल तुमच्याशी वाद नाही. सीएसटी रोडवर ३१ वर्षं काढली, तसलं काम एकदाही हातात घेतलं नाही. पण ‘भागांची जीप’ हा शब्द तुम्ही ज्या सुरात वापरता तो मला बोचतो.

या गाड्या आज शिल्लक कशामुळे आहेत? कारण कुणीतरी मूळ पेट्रोल इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल बसवलं. पंचाहत्तर-ऐंशी साली खडीच्या खाणीवर, उसाच्या फडात, रोजच्या खेपा मारणाऱ्या माणसाला लिटरला सात-आठ किलोमीटरची गाडी परवडत नव्हती. तेव्हा मूळपणाचा हट्ट धरला असता तर सगळ्या जीप भट्टीत गेल्या असत्या आणि आज तुम्हाला चुंबक लावायलाही काही उरलं नसतं.

पत्र्याचंही ऐका. एमबीच्या तळाखाली टोपीच्या आकाराच्या पन्हाळ्या असतात आणि त्यांत लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या असतात. आपल्या मुंबईच्या हवेत ते लाकूड चार महिने पाणी धरून बसतं. वरून फ्लोअर खणखणीत वाटतो, आतून पापड झालेला असतो. मी असा फ्लोअर उघडतो तेव्हा कुजलेलं लाकूड ओल्या तपकिरीसारखं हातात येतं. तो बदलायचा नाही तर काय पूजेला ठेवायचा? मग पत्रा बदलला म्हणून गाडी खोटी ठरते का?

माझगावकर

मिस्त्री, पत्रा बदललात, उत्तम केलंत. तेच लिहून द्या. “फ्लोअर नवा, २०१९ साली कुर्ल्यात बनवला” असं लिहिणाऱ्याला मी दोन पैसे जास्त देईन. माझं भांडण डबवालीकडून नवी कोरी बॉडी आणून, वर तारा रंगवून, आजोबांच्या वेळची म्हणून विकणाऱ्याशी आहे. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत अशा उघड्या जीप बनवण्याचा मोठा धंदा आहे. तिथले कारागीर हुशार आहेत आणि ते बिचारे नवी म्हणूनच बनवतात. ती मुंबईत येऊन पोचेपर्यंत ऐंशी वर्षांची होते.

ईएमई निवृत्त

मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, २४ वर्षं होतो, आता घाटकोपरला असतो. धागाकर्त्यांच्या विचारात एक मोठी चूक आहे, ती सांगतो.

आजकाल ‘मॅचिंग नंबर’चं फार ऐकतो. चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर कारखान्यातून निघालेल्या जोडीचाच हवा म्हणे. लष्करी गाडीला हा निकष लावणंच अडाणीपणाचं आहे. बेस वर्कशॉपमध्ये गाडी ओव्हरहॉलला आली की इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल उतरवून वेगवेगळ्या शॉपमध्ये जायचे. तयार झालेली असेंब्ली साठ्यात जमा. तुमच्या गाडीला त्या दिवशी जी तयार असेल ती बसायची, तिचं स्वतःचं इंजिन परत यायची वाट कोण बघणार? गाडी युनिटला वेळेत परत द्यायची असते. युद्धकाळातही हेच झालं. एकच जीप विलीजने एमबी म्हणून आणि फोर्डने जीपीडब्ल्यू म्हणून मिळून सहा लाखांवर बनवली, ती मुद्दाम अशी की एकीचा भाग दुसरीला बसावा. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावर ‘एफ’ उठवला होता. विलीजच्या चेसिसवर तो ‘एफ’ दिसला तर ती गाडी नोकरी केलेली आहे असं समजा.

जोंगा या लष्करी जीपचं तसंच. निसान पॅट्रोलवरून जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीने १९६९पासून ती बनवली, चार लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन. मी जितक्या जोंगा हाताळल्या त्यांतल्या निम्म्यांचं इंजिन तरी एकदा बदललेलं होतं. त्या काय नकली?

कागदाबाबत मात्र मी तुमच्या बाजूचा. फौजेतून निघालेल्या गाडीला लिलावाचा कागद असतो, रिलीज ऑर्डर असते, बाणाने सुरू होणारा लष्करी नंबर असतो. ही साखळी तुटलेली गाडी कितीही देखणी असो, हात लावू नये.

माझगावकर

काका, हे मला माहीत नव्हतं आणि ‘मॅचिंग नंबर’चा मुद्दा तुमच्यापुढे मी सोडतो. मीही तो आग्रह धरायचो, आता धरणार नाही. पण बघा, तुमच्या वर्कशॉपमध्ये कुठलं इंजिन कुठल्या गाडीला बसलं याची नोंद व्हायचीच ना? मी तीच नोंद मागतोय.

दादरची

मला इंजिनातलं फार कळत नाही, पण या विषयावर बोलायचंच आहे.

माझे बाबा रस्त्यांचे कंत्राटदार होते, पेण-अलिबागकडे कामं असायची. आमची सीजे-३बी साईच्या रंगाची होती. कॅनव्हासचे दरवाजे, त्यांच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या उन्हाने पिवळ्या पडलेल्या. डाव्या मडगार्डवर आई बसायची, फोटो काढायला तीच जागा ठरलेली. बाबा गेल्यावर २००६ साली भावाने ती विकली. परवा एका लग्नाच्या हॉलबाहेर नवरदेवासाठी सजवलेली एक जीप उभी होती. हिरवी, तारा, ‘यूएस आर्मी’ लिहिलेलं. नंबर वाचला आणि पाय थांबले. तीन अक्षरांचा तो जुना नंबर मी शाळेच्या वहीत लिहायचे. आमचीच.

ड्रायव्हरला विचारलं तर तो अभिमानाने म्हणाला, “ताई, ही दुसऱ्या महायुद्धातली आहे.” त्या पोराला तसंच सांगून गाडी विकलेली असणार. माझ्या बाबांनी तिच्यातून डांबराची पिंपं वाहिली, पुरात अडकलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेलं. हे सगळं पुसून तिथे कुणाच्या तरी लढाईचा तारा काढलाय. नागरी गाडीचं आयुष्य हे काय आयुष्यच नाही? मिस्त्री, तुम्ही म्हणता गाडी जगली हे महत्त्वाचं. मला ती जगलेली दिसली, पण ओळख हरवून. मी रात्रभर झोपले नाही.

कुर्ल्याचा मिस्त्री

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तारे मीही रंगवून दिलेत, गिऱ्हाईक मागतं म्हणून. रंगाखाली कुणाची गाडी आहे हा विचार केला नव्हता.

जुन्या गाड्यांचा व्यापारी

इथे सगळे विकणाऱ्यालाच झोडपताहेत, म्हणून लिहितो. मी विकतो. लपवाछपवी करत नाही, पण सही करून सगळं लिहून देणार नाही, आणि त्याला कारण आहे.

२०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. नोंदणीचे २० हजार, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणजे मिस्त्री म्हणतात तशी १९८० साली जगवलेली डिझेल जीप प्रामाणिकपणे जाहीर केली की त्या मालिकेची आशा संपली. खरं बोलणाऱ्यालाच शिक्षा. शिवाय व्हीए नंबर मिळाला तरी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस्स.

आणि गिऱ्हाईक? लोणावळ्याच्या बंगल्यापुढे उभी करायला येणारा माणूस आधी तारा बघतो. मी साई रंगाची महिंद्रा सहा महिने ठेवली, कुणी विचारलं नाही. हिरवी केली, पंधरा दिवसांत गेली. आरसी मी प्रत्येकाच्या हातात देतो. त्यावर १९६८ लिहिलंय. वाचायचं की नाही हे घेणाऱ्याने ठरवावं.

माझगावकर

नियमाबद्दल तुमची तक्रार मला पटते. पन्नास वर्षं राबलेल्या गाडीला ‘जुनी, दुरुस्त केलेली, डिझेल’ अशी सन्मानाची वेगळी नोंद मिळायला हवी. ती मागणी आपण सगळ्यांनी मिळून करू, माझी सही पहिली.

पण आरसी हातात दिली की जबाबदारी संपली, हे कसं? तोंडाने बेचाळीस सांगायचं आणि कागदावर अडुसष्ट ठेवायचं, यात घेणारा नवखा असेल तर तोंडावरच विश्वास ठेवतो. आणि इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत नसेल तर पुढे भोगतो तो घेणाराच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं की कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल चालणार नाहीत. इंजिन बदलायचं तर परवानगी घेऊन, आरसीवर चढवून. माझ्या मित्राच्या जीपला खोपोलीजवळ अपघात झाला, सर्वेअरने इंजिन नंबर ताडून बघितला, जुळला नाही आणि विम्याचा दावा तिथेच अडकला. त्याने गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याला हे माहीत होतं. एक ओळ लिहून दिली असती तर मित्राने आधी तारदेवच्या आरटीओत जाऊन नोंद करून घेतली असती.

नवीन भिडू

मध्येच विचारतो, माफ करा. चार-साडेचार लाखांत पहिली फोर बाय फोर घ्यायची आहे, राहायला बोरिवलीला. विलीजच्या भानगडीत पडू की फौजेतून निघालेली जिप्सी बघू?

ईएमई निवृत्त

बाळा, जिप्सी बघ. नाहीतर महिंद्राची एमएम ५४०, तिचं प्यूजो डिझेल सोसणारं आहे. लिलावात लॉट ‘जसा आहे, जिथे आहे’ असा विकतात, नंतर तक्रार चालत नाही. म्हणून आधी स्वतः जाऊन बघ. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरडबा, लो-मध्ये टाकून दहा पावलं चालवता आली तर चालव. पुढच्या नकलमधून (चाक वळतं त्या सांध्यातून) तेल गळतंय का आणि स्प्रिंगचे पाटे चेसिसला जोडतात त्या शॅकलपाशी चेसिस तडकली आहे का, एवढं तरी बघच.

जुन्या गाड्यांचा व्यापारी

माझगावकर, विम्याचा मुद्दा मान्य. इंजिन आणि चेसिसचं मी यापुढे लिहून देईन. इंजिन कुठलं, आरसीवर चढलंय की नाही, सगळं. बॉडीचं नाही देणार. साठ वर्षांत कुणी किती पत्रा बदलला हे कुणालाच सांगता येत नाही, मी कशावर सही करू?

कुर्ल्याचा मिस्त्री

सांगता येतं, शेठ. कारखान्यातला स्पॉट वेल्ड गोल असतो आणि सारख्या अंतरावर असतो. आमचा गॅसचा टाका ओबडधोबड, हात फिरवला की बोटाला लागतो. गाडी सीएसटी रोडला आणा, अर्ध्या तासात खडूने नवा पत्रा आखून देतो. त्याचा फोटो काढा आणि फोटोवर सही करा.

दादरची

मिस्त्री, तुम्ही पत्रा आखाल तेव्हा रंगाचा एक कोपरा खरवडूनही बघाल का, खाली कुठला रंग आहे ते? तोही फोटोत यावा.

जुन्या गाड्यांचा व्यापारी

ताई, रंगाचं लिहीन. बॉडीवर सही करायची की नाही ते मिस्त्रींची खडूची रेघ बघून ठरवतो. सध्या माझ्याकडे दोन उभ्या आहेत, शनिवारी एक पाठवतो.